खालच्या कोर्टातले न्यायमूर्ती

‘न्यायमूर्ती’ हा शब्द महादेव गोविंद रानडे यांच्या नावाशी इतका एकजीव झाला आहे की, नुसते न्यायमूर्ती म्हटले तरी मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पागोटे घातलेली ती भव्य मूर्ती उभी राहते. परंतु ज्या हायकोर्टातील जागेमुळे ही उपाधी त्यांना मिळाली, तेथे ते १८९३ च्या अखेरीस जाऊन बसले आणि १९०१ च्या जानेवारीत तर त्यांचे देहावसान झाले. म्हणजे हायकोर्टातील कारकीर्द जेमतेम सात वर्षांची. त्यापूर्वीची सुमारे बावीस वर्षे त्यांनी काढली ती सबजज्ज, स्मॉल कॉज कोर्टाचे जज्ज आणि पुढे शेतकऱ्यांच्या कर्जाच्या दाव्यांवर देखरेख करणारे स्पेशल जज्ज म्हणून. प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद, अर्थशास्त्रावरील निबंध, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा इतिहास यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु सकाळी अकरा वाजता हा पुरुष ज्या खुर्चीवर जाऊन बसे, त्या खुर्चीवरून त्याने काय पाहिले व काय केले, हे सहसा कोणी सांगत नाही. आज त्याच बाजूने त्यांचे चरित्र पाहावयाचे आहे.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते. ते पुढे कोल्हापूर संस्थानात गेले आणि माधवरावांचे बालपण व आरंभीचे शिक्षण कोल्हापुरातच झाले. तेथून ते मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये आले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या एकवीस मुलांत ते होते. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एलएल. बी. झाल्यावर माधवरावांच्या विद्यार्थिदशेला पूर्णविराम मिळाला. याच काळात वाचनाच्या अतिरेकाने त्यांचे डोळे बिघडले. पुढे जन्मभर दुसऱ्याकडून वाचवून घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर वारंवार येई. परंतु कानांनी ऐकलेले त्यांच्या मनात लिहिल्यासारखे राही, आणि जज्जाच्या धंद्यात ही शक्ती लहानसहान नव्हे.

वरील चार नावांतील बाळ मंगेश वागळे हे नाव आम्हां बडोदेकरांना परके नाही. मल्हारराव गायकवाडांच्या कारकिर्दीत आमच्या संस्थानच्या कारभाराचा व न्यायखात्याचा फार बोभाटा झाला होता. १८७३ साली त्याची चौकशी करण्यासाठी सरकारने कमिशनही बसविले. १८७४ मध्ये दादाभाई नौरोजी दिवाण झाले, तेव्हा त्यांनी आपल्याबरोबर जी निवडक माणसे आणली त्यांत वागळे होते व त्यांच्याकडे मुख्य न्यायाधीशाचे काम सोपविले होते. दादाभाईंची दिवाणगिरी १८७५ च्या आरंभीच संपली; त्याच वर्षी मल्हारराव पदच्युत झाले आणि सर टी. माधवराव यांनी नव्याने घडी बसविली. रानड्यांचा सहाध्यायी एका संस्थानात न्यायाचे खाते रुळावर आणू पाहत असता खुद्द रानडे खालसा मुलुखातील कोर्टात तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवीत होते.

संस्थानी न्यायाची चव माधवरावांनीही घेतली होती. १८६६ नंतरच्या दोन वर्षांत ते काही काळ अक्कलकोटला कारभारी होते आणि नंतर कोल्हापूरला न्यायाधीश झाले. ज्या गावात आपण लहानाचे मोठे झालो, जेथे वडील दरबारचे अधिकारी, जेथे प्रत्येक वादी-प्रतिवादी कोणाचा तरी आप्त किंवा स्नेही, तेथे निवाडा करणे किती अवघड असते ते संस्थानी शहरात राहिलेल्यास सांगावयास नको. वडिलांच्या ओळखीचा आधार घेऊन घरी खटल्यासंबंधी बोलू पाहणाऱ्यांना माधवरावांनी दाद दिली नाही, ही आठवण त्यांच्या कुटुंबात राहिली. वडिलांसमोर मान वर करून न बोलणारा हा मुलगा या एका बाबतीत मात्र हलला नाही. कोल्हापुरात ते फार दिवस राहिले नाहीत. १८६८ पासून तीन वर्षे एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी व इतिहास शिकवून, १८७१ साली ॲडव्होकेटची परीक्षा देऊन आणि मुंबईत मॅजिस्ट्रेट व स्मॉल कॉज कोर्टाचे जज्ज म्हणून थोडे दिवस हंगामी काम करून त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ते पुण्यास फर्स्ट क्लास सबजज्ज झाले.

दिवाणी कोर्टाची उतरंड

त्या काळच्या दिवाणी कोर्टांची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने आरंभी जुन्या पंचायती चालू ठेवल्या. परंतु १८२७ च्या कायदेसंग्रहापासून कोर्टांचा पसारा वाढला आणि मुन्सफ, सदर अमीन, मुख्य सदर अमीन अशा पायऱ्या तयार झाल्या. १८५९ मध्ये दिवाणी कामकाजाचा पहिला एकत्रित कायदा झाला, १८६२ मध्ये मुंबईस हायकोर्ट आले, आणि १८६९ च्या मुंबई दिवाणी कोर्टांच्या कायद्याने जुनी नावे काढून टाकून सबजज्जांचे दोन वर्ग केले. सेकंड क्लास सबजज्जाने पाच हजार रुपयांपर्यंतचे दावे चालवावयाचे. फर्स्ट क्लास सबजज्जाला रकमेची मर्यादा नाही. पाच हजारांपर्यंतच्या दाव्याचे अपील डिस्ट्रिक्ट जज्जाकडे, त्यावरील रकमेचे थेट हायकोर्टाकडे. याशिवाय लहान रकमांच्या देण्याघेण्यासाठी काही मोठ्या ठिकाणी स्मॉल कॉज कोर्टे असत. तेथे चौकशी संक्षिप्त आणि निकालावर अपील नाही.

कोणता दावा कोणत्या कोर्टात दाखल व्हावयाचा, हे तीन गोष्टींवर ठरे: दाव्याची रक्कम किती, मिळकत किंवा प्रतिवादी कोणत्या हद्दीत, आणि तंट्याचा प्रकार कोणता. वरवर पाहता हा कारकुनी हिशेब वाटतो. परंतु दावा दहा कोसांवर चालतो की चाळीस कोसांवर, प्रतिवादीला समन्स कोण व केव्हा देतो, तो हजर न राहिल्यास काय होते, या रूक्ष प्रश्नांच्या उत्तरांवर कुणब्याची जमीन राहते किंवा जाते. माधवरावांच्या आयुष्यातील बरीच वर्षे या रूक्ष प्रश्नांत गेली.

दरबारी शहरातील आम्हां लोकांना या रूक्षपणाची किंमत एका निराळ्या अनुभवाने कळते. येथील कलावंत कारखान्यात ज्यांच्या घराण्यांनी चाकरी केली, त्यांना मर्जी म्हणजे काय हे ठाऊक आहे. मर्जी बसली तर बिदागी, शालजोडी आणि पिढीजात वेतन. मर्जी उतरली तर कोणाकडे आणि कशाच्या आधारावर दाद मागावी, हेही उमगत नाही. मर्जी उदार असू शकते, पण तिच्यावर हक्क सांगता येत नाही. कोर्टाची पद्धत कोरडी असते, तिला शिक्के व तारखा लागतात. परंतु तिच्यापुढे माणूस याचक म्हणून उभा राहत नाही, वादी किंवा प्रतिवादी म्हणून उभा राहतो. निदान तसा तो राहावा अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनच्या कोर्टांत कशी फसली, हे माधवरावांनी अगदी जवळून पाहिले.

कागद जाळणारे दंगेखोर

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेव्हा कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास जमिनीची फेरपाहणी होऊन अनेक तालुक्यांत सारा वाढला. सारा रोख रकमेने व ठराविक हप्त्याला भरावयाचा असल्याने पीक बुडाले तरी कुणब्याला सावकाराचे दार ठोठवावेच लागे.

येथे कायद्याने भर घातली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे भाग पडले. कर्जदाराने फार दिवस टांगून राहू नये असा या कायद्याचा हेतू. परंतु घडले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार नवे खत लिहून घेई. मुद्दल अधिक व्याज मिळून नवे मुद्दल होई, त्यावर पुन्हा व्याज, पुन्हा तीन वर्षांनी नवे खत. अक्षरशत्रू कुणबी निशाणी डांगर करून मोकळा होई. न केल्यास दावा ठरलेला. कोर्ट दूरच्या गावी. ऐन पेरणीत किंवा सुगीत समन्स येई, किंवा आले असे बेलिफाच्या कागदावर तरी दिसे. कुणबी जात नसे. गेला तरी खतावर आपली निशाणी आहे, हे त्याला कबूल करावेच लागे. खत खरे म्हणजे रक्कम खरी, असे धरून हुकूमनामा होई. अशा दाव्यांपैकी बहुतेक एकतर्फी निकालात निघत. मग दरखास्त, मग जप्ती, मग लिलाव. आणि लिलावात बोली बोलणारा बहुधा सावकारच. पैसे न भरल्यास दिवाणी तुरुंगाची भीती होतीच. पुष्कळ सावकार हुकूमनामा बजावीतही नसत. तो नुसता पेटीत ठेवून कुणब्याकडून हवे ते काम आणि हवे ते नवे खत करून घेत.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांवर चालून गेले. तेथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या दंग्यांत खूनबाजी फारशी झाली नाही. लोकांना पाहिजे होते ते कागद: खते, रोखे, हुकूमनामे. जेथे ते मुकाट्याने मिळाले तेथे जाळून लोक घरी गेले. कोर्टाच्या शिक्क्याचा कागद जाळण्यासाठी शांत स्वभावाचा कुणबी उठतो, यापेक्षा कोर्टाच्या पद्धतीवर कठोर अभिप्राय दुसरा कोणता असणार? सरकारने कमिशन नेमले आणि त्याच्या अहवालात व्याज, मुदत, एकतर्फी हुकूमनामे या सर्व गोष्टी नमूद झाल्या.

माधवराव त्या वेळी पुण्यातच सबजज्ज होते. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे ते पदाधिकारी नव्हते, पण तिच्या कामामागची बुद्धी बव्हंशी त्यांची होती. सभेने खेड्यांतून शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती गोळा केली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या खटपटीने याच काळात पुण्यात लवाद कोर्ट निघाले. दोन्ही पक्षांनी राजीखुशीने आपला तंटा लवादांपुढे न्यावा, खर्च व दगदग वाचवावी, ही कल्पना माधवरावांना मनापासून पसंत होती. स्वतः सरकारी कोर्टाच्या खुर्चीवर बसून कोर्टाबाहेरच्या निवाड्याचा पुरस्कार करणारा जज्ज सरकारच्या डोळ्यांत सलणारच. १८७८ साली त्यांची नाशिकला बदली झाली. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे दिवस होते. माधवरावांना तडकाफडकी धुळ्यास पाठविण्यात आले, आणि त्यांच्या टपालावर नजर ठेवली गेली. ते आपल्या वेळी कोर्टात गेले, आपल्या वेळी परत आले. संशय यथावकाश निवळला, पण संशयाखालील माणसाने निवाडे कसे करावेत याचा धडा त्यांनी आपल्या वागण्याने घालून दिला. वरिष्ठांचा रोष होईल म्हणून निकाल फिरविला नाही, आणि आपण निर्भय आहोत हे दाखविण्यासाठीही फिरविला नाही.

१८७९ चा कायदा

दंग्यांच्या चौकशीचे फळ म्हणजे १८७९ चा सतरावा कायदा, दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो १ नोव्हेंबर १८७९ पासून लागू झाला. खालच्या कोर्टाच्या पद्धतीत एवढा मोठा फेरफार त्यापूर्वी हिंदुस्थानात क्वचितच झाला असेल.

पहिली गोष्ट, शेतकऱ्यावर दावा लावावयाचा तो त्याच्या राहत्या ठिकाणच्या कोर्टात. दुसरी, प्रतिवादीला बोलावून त्याची प्रत्यक्ष तपासणी करण्याची जबाबदारी कोर्टावर आली. केवळ गैरहजेरीवर निकाल उरकण्याची सोय राहिली नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खत पुढे आले म्हणून त्यातली रक्कम खरी मानावयाची नाही. जज्जाने देण्याघेण्याच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जावयाचे, मुद्दल निराळे व व्याज निराळे मांडावयाचे, व्याजावर व्याज धरावयाचे नाही, आणि मग खरोखर काय निघते ते ठरवावयाचे. चौथी, हुकूमनाम्याच्या रकमेचे हप्ते बांधून देता येऊ लागले. पाचवी, कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकणे बंद झाले. सहावी, स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्त करून विकता येईना. मुदत वाढविली: साध्या खतास सहा वर्षे, नोंदलेल्यास बारा. खत करावयाचे ते गावच्या रजिस्ट्रारसमोर. दहा रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी गावमुन्सफ. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात कोर्टाच्या परवानगीवाचून वकील नाही. आणि दावा लावण्यापूर्वी तडजोड करून देणाऱ्या अधिकृत गृहस्थाकडे, ज्याला कन्सिलिएटर म्हणत, जाऊन तडजोड होत नसल्याचा दाखला आणावयाचा.

या कायद्यातील एक कलम कायदेपंडितांना खटकले. लहान दाव्यांच्या निकालावर अपील ठेवलेले नव्हते. अपील हा तर न्यायाचा प्राण, तोच काढून घेतला असे अनेकांना वाटले. परंतु अपील कोणाला परवडते, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. तीस रुपयांच्या दाव्यासाठी जिल्ह्याच्या गावी वकील देऊन हेलपाटे घालणे सावकाराला शक्य, कुणब्याला अशक्य. म्हणून अपिलाचा हक्क दोघांना असला तरी तो वापरणारा एकच. त्याच्याऐवजी कायद्याने देखरेखीची योजना केली. स्पेशल जज्जाने व त्याच्या सहायकांनी जिल्ह्यांत फिरावयाचे, खालच्या कोर्टांचे दप्तर तपासावयाचे, आणि जेथे अन्याय दिसेल तेथे स्वतः होऊन कागद मागवून निकाल दुरुस्त करावयाचा. न्याय मागण्यासाठी कुणब्याने वर जाण्याऐवजी वरच्या अधिकाऱ्याने खाली यावयाचे.

या कामात पहिले स्पेशल जज्ज डॉ. पोलन यांचे सहायक म्हणून माधवराव १८८१ साली आले. मधल्या काळात १८८४ पासून ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे जज्ज होते, मुंबईच्या कायदे कौन्सिलावर होते, आणि १८८६ साली सरकारच्या खर्चकपातीच्या कमिटीवरही त्यांनी काम केले. १८८७ मध्ये ते स्वतः स्पेशल जज्ज झाले आणि हायकोर्टात जाईपर्यंत त्या जागेवर राहिले.

वर्षातील कित्येक महिने त्यांचा मुक्काम फिरता असे. रमाबाई बहुधा बरोबर असत. तालुक्याच्या गावी मुक्काम पडला की दिवसा सबजज्जाचे दप्तर, आणि संध्याकाळी गावातील वकील, शिक्षक, व्यापारी जमवून एखाद्या वाचनालयाची, शाळेची किंवा कारखान्याची गोष्ट. दप्तर तपासताना पाहावयाचे ते हे: प्रतिवादीची जबानी खरोखर घेतली आहे की ठरीव शब्दांत उरकली आहे? हिशेब मुळापर्यंत नेला आहे की शेवटच्या दोन खतांवर थांबला आहे? बांधून दिलेला हप्ता त्या माणसाच्या जमिनीला झेपणारा आहे काय? गाण्याच्या शिक्षकाला हे चटकन समजेल. शिष्य मैफलीत काय गातो ते पुढचे. तो रोज पहाटे षड्ज कसा लावतो, हे पाहणारा गुरू खरा. माधवराव खालच्या कोर्टांचा षड्ज तपासीत हिंडत होते.

कायद्याच्या उणिवा त्यांना दिसत नव्हत्या असे नाही. सावकार हुशार होता. गहाणखताचा हिशेब कोर्ट उकरून काढते म्हणताच त्याने गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. तोंडी बोली मात्र पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याची. कागदावर विक्री असल्याने कायदा तेथे लुळा पडे. ही पळवाट बंद करावयास पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली. कन्सिलिएटरपुढे झालेली तडजोड कोर्टात दाखल झाली की तिला हुकूमनाम्याचे बळ येई. त्यामुळे तडजोड करून देणारा सावकाराच्या बाजूचा निघाला, तर कोर्टाने मुळापर्यंत जाऊन हिशेब पाहण्याची जी तरतूद होती तीच टळे. शिवाय जो पैसा सावकार कायद्याच्या भीतीने देईनासा होई, तो दुसरीकडून कोठून येणार?

या अखेरच्या प्रश्नावर माधवरावांचे मत स्पष्ट होते. केवळ कोर्टाने कर्ज हलके करून भागणार नाही. शेतकऱ्याला माफक व्याजाने भांडवल मिळण्याची सोय पाहिजे आणि साऱ्याचा ताठरपणा कमी झाला पाहिजे. पुण्याचे जज्ज सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना आखली, तिला माधवरावांचे पूर्ण साह्य होते. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली, परंतु विलायतेतील स्टेट सेक्रेटरीने ती फेटाळली. जर्मनीसारख्या देशांत जमिनीच्या तारणावर पतपुरवठा कसा होतो याचा अभ्यास करून माधवरावांनी जे निबंध लिहिले, त्यांचे मूळ या तालुक्याच्या दप्तरांत आहे. त्यांचे अर्थशास्त्र ग्रंथांतून आले तितकेच हप्तेबंदीच्या कागदांतून आले.

आणखी एक उणीव होती, ती त्यांच्या समाजाची. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या महात्मा जोतीराव फुल्यांनी कोर्टकचेरीतील कारकून, शिरस्तेदार व वकील कुणब्याला कसे नाडतात याचे झणझणीत वर्णन केले आहे. हा नोकरवर्ग बहुतेक एकाच जातीचा, आणि माधवरावही त्याच जातीचे. कायदा कितीही चांगला केला तरी जबानी लिहून घेणारा हात कोणाचा, हा जोतीरावांचा प्रश्न देखरेख करणाऱ्या जज्जाच्या तपासणीत पूर्णपणे सुटण्यासारखा नव्हता.

तडजोडीचा माणूस

तडजोड हा शब्द माधवरावांच्या चरित्रात कोर्टाबाहेरही पदोपदी येतो, आणि तेथे तो त्यांना बोचला आहे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे माधवराव १८७३ साली पहिल्या पत्नी सखूबाई वारल्यावर वडिलांच्या इच्छेपुढे नमले आणि एकतिसाव्या वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्याच मुलीला शिकवून त्यांनी रमाबाई रानडे घडविल्या हे खरे. परंतु त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या तत्त्वाविरुद्ध निकाल दिला, हेही खरे. १८९० च्या पंचहौद मिशनातील चहाच्या प्रकरणानंतर त्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारक नाराज झाले आणि सनातनीही संतुष्ट झाले नाहीत. टिळकपक्षाने १८९५ मध्ये सार्वजनिक सभा ताब्यात घेतली, तेव्हा त्यांनी भांडण न करता दुसऱ्या वर्षी डेक्कन सभा काढली.

या मवाळपणावर टीका करणे सोपे आहे, आणि ती सर्वस्वी अन्यायाची नाही. परंतु कोर्टाच्या खुर्चीवरील माधवराव पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. स्वतःच्या मानापमानात ते जितके लवकर नमत, तितके दुसऱ्याच्या हक्कात नमत नसत. तडजोड दोन बरोबरीच्या माणसांत होते. एकाच्या हातात वही आणि दुसऱ्याच्या हातात निशाणीचा अंगठा असेल तर ती तडजोड नव्हे, हे त्यांना शेकडो दप्तरे चाळून कळले होते. म्हणून तेथे ते हिशेब मुळापासून मागत.

१ सप्टेंबर १८९३ रोजी काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली वारले आणि त्यांच्या जागी माधवरावांची हायकोर्टात नेमणूक झाली. तेथील त्यांचे निवाडे, विशेषतः हिंदू धर्मशास्त्रावरील, कायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकुणसाठावे वर्ष पुरे होण्यास दोन दिवस असता, मुंबईस त्यांचे निधन झाले.

ज्या कायद्याखाली ते हिंडले, तो आता राहिलेला नाही. १९३९ सालच्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने आणि त्यानंतरच्या कायद्यांनी त्याची जागा घेतली. १८६९ चा दिवाणी कोर्टांचा कायदा महाराष्ट्रात नाव बदलून चालू राहिला. येथे गुजरातेत २००५ साली नवा आला. सबजज्जाचे दिवाणी न्यायाधीश झाले. कन्सिलिएटर गेले, पण १९८७ च्या कायद्याने लोकअदालतींना अधिकृत स्थान मिळाले, आणि गरिबाला सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आली. माधवरावांच्या वेळी गरिबाच्या रक्षणासाठी लहान दाव्यातून वकील दूर ठेवावा लागला. शंभर वर्षांनी गरिबाच्या रक्षणासाठीच त्याला वकील देणे अवश्य वाटले. साधन उलटे झाले तरी दुखणे तेच आहे.

आजही बहुसंख्य माणसांचा न्यायाशी संबंध येतो तो तालुक्याच्या कोर्टात. शेताचा बांध, घराचे भाडे, भावाभावांची वाटणी, हातउसने घेतलेले पैसे हे तंटे सुप्रीम कोर्टापर्यंत जात नाहीत, जाऊही नयेत. तेथे समन्स खरोखर पोचले काय, प्रतिवादीला आपले म्हणणे सांगता आले काय आणि न्यायाधीशाने ते ऐकले काय, यावरच त्या माणसाचे राज्याविषयीचे मत बनते. १८७५ साली सुप्यात ज्यांनी कागद जाळले त्यांचे मत काय झाले होते ते इतिहासाने पाहिले. ते मत बदलावे म्हणून एका विद्वान पुरुषाने आपल्या उमेदीची वर्षे अधू डोळ्यांनी लहान कोर्टांची दप्तरे चाळण्यात घालविली. ‘न्यायमूर्ती’ ही उपाधी सरकारदप्तरी त्यांना १८९३ साली लागू झाली. ती त्यांनी मिळविली मात्र त्याच्या कितीतरी आधी, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतील तालुक्याच्या कचेऱ्यांत.